ते पत्र मी लिहिलं होतं, सर

पराते सर,

शाळेतल्या शोकसभेत मी जे बोलले, त्यातलं एक वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं. तुमचं फळ्यावरचं अक्षर, दहावीच्या पोरांना सुटीच्या दिवशी बोलावून शिकवणं, एकतीस वर्षांत कोणावर हात न उगारणं, सगळं खरं. मग मी म्हणाले, "तब्येतीमुळे सरांनी स्वतःहून निवृत्ती घेतली." समोर वहिनी बसल्या होत्या. मागच्या भिंतीशी प्रयोगशाळेतले मदतनीस शेंडे उभे होते, त्यांनी मान खाली घातली. माझा आवाज फाटला आणि मी टेबलाची कड धरली. लोकांना वाटलं, मॅडमना भरून आलं. भरून आलं नव्हतं. मी घाबरले होते.

राहिलेलं आता सांगते.

मी शाळेत लागले तेव्हा तुम्ही विज्ञानाचे नावाजलेले शिक्षक होतात आणि मी मराठीची नवी बाई. पहिल्याच महिन्यात नववी 'ब'नं मला रडवलं. स्टाफरूममध्ये कोपऱ्यात तोंड फिरवून बसले होते, तर तुम्ही माझ्यासमोर माझाच डबा सरकवलात आणि म्हणालात, "आधी रडून घ्या, मग जेवा. उलटं केलं तर ठसका लागते." मी रडता रडता हसले आणि ठसका लागलाच. वर्षभरात 'बाई'चं 'सुनंदा' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी मात्र शेवटपर्यंत 'सर'वरच राहिले.

पुढे कित्येक वर्षांनी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा यादीत पहिलं नाव तुमचं होतं, दुसरं माझं. तुम्ही नकार लिहून दिलात आणि मी मुख्याध्यापक झाले. मी विचारलं, काहून? तर म्हणालात, "मले सह्या करायले नाही ठेवलं देवानं. मले ॲसिडच्या वासात बरं वाटते." आपलं भांडण तिथून सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. कोणाची रजा अडवायची, कोणाकडून वर्ग काढून घ्यायचा, पटसंख्या घटली की कोणाचं नाव अतिरिक्त शिक्षक म्हणून वर पाठवायचं, हे सगळं माझ्या गळ्यात घालून तुम्ही प्रयोगशाळेत जाऊन बसलात, असं मी म्हणायची. तुम्ही हसून म्हणायचे, "निर्णय घाबरणाऱ्या माणसानंच घ्यावा वं. मी घाबरतच नाही, माझ्या हातून उगाच कोणाचं वाईट होईल." मला ते तेव्हा पळवाटेसारखं वाटायचं. आजही पुरतं पटलेलं नाही.

पण तुम्ही पळालाही नाहीत कधी. आठवतं, वानखेडे बाईंना अतिरिक्त ठरवून दूर कुही तालुक्यातल्या शाळेत पाठवायची वेळ आली होती? मी शिपायाच्या हाती कागद पाठवणार होते. तुम्ही तो शिपायाकडून काढून घेतलात, माझ्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "तोंडावर सांग. त्या रडतील, तू ऐकून घे. ते ऐकून घ्यायचाच पगार आहे तुझा." मी बाईंना बोलावलं. त्या रडल्या, मला नाही नाही ते बोलल्या, मी ऐकलं. तुम्ही तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात उभे होतात. बाई गेल्यावर दारातून आत डोकावून एवढंच विचारलंत, "सांगितलं ना तोंडावर? झालं मग."

हे माझ्या लक्षात होतं, सर. विसरले असते तर पुढचं सोपं गेलं असतं.

तुमचं काहीतरी बिघडतंय हे मला आधी कळलं नाही, मग कळलं, मग मी कळलं नाही असं दाखवायला लागले. हजेरीपटावर तुम्ही मागच्या महिन्याची तारीख टाकली. एकाच सकाळी मला दोनदा विचारलंत, "सुनंदा, प्रॅक्टिकलची यादी झाली का?" दुसऱ्यांदा विचारताना तुमचा चेहरा अगदी कोरा होता. मी हसून म्हणाले, "झाली सर." वयच आहे, म्हटलं. छप्पन वर्षांचे होतात तुम्ही.

मग ती डिसेंबरची सकाळ. थंडी बरीच होती, पोरं स्वेटर घालून आली होती. मी कसल्याशा सहीसाठी प्रयोगशाळेकडे आले. तुम्ही नववीच्या मुलांना सौम्य आम्ल कसं तयार करतात ते दाखवत होतात. तुमचं ते वाक्य शाळेतल्या दोन पिढ्यांना पाठ आहे: पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीच नाही. मुलं ते एका सुरात म्हणत होती. आणि ती म्हणत असतानाच तुम्ही काचपात्रातल्या तीव्र ॲसिडमध्ये पाण्याचं भांडं उपडं करत होतात.

मी दारात होते. मला विज्ञान येत नाही, पण ते वाक्य मलाही पाठ होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही.

तडतड असा आवाज आला. वाफ उठली. काचपात्र तडकलं. शेंडेंनी पुढच्या बाकावरच्या समीक्षाला वेणी धरून मागे ओढलं, म्हणून ती वाचली. तिच्या स्वेटरच्या बाहीवर शिंतोडे उडाले. तुमच्या मनगटावर उडाले. शेंडे तुमचा हात नळाखाली धरून उभे राहिले, मी समीक्षाचा स्वेटर ओरबाडून काढला, पोरं भिंतीला चिकटली होती. आणि तुम्ही, नळाखाली हात, टेबलावरच्या फुटक्या काचेकडे बघत रागानं विचारलंत, "कोणी केलं हे?"

तुम्ही पुन्हा विचारलंत, "अरे, कोणी केलं?"

सर, मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना घाबरले आहे. त्या प्रश्नाइतकी कशालाच नाही.

नंतर शेंडे माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तीन महिने झाले, मीच सांभाळून राहिलो. सर बाटल्यांची झाकणं अदलाबदल करते. मी रोज येऊन पहिले सगळ्या बाटल्या तपासतो. आज मी जराशी पाठ फिरवली, तेवढ्यात..." मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "तुम्हाले सांगितलं असतं तर तुम्हाले काही करावं लागलं असतं ना."

आणि मी काय केलं? काही नाही. प्रॅक्टिकल बंद केली आणि तुम्हाला सांगितलं, ॲसिड संपलंय. तुम्ही रोज खोलीच्या दाराशी येऊन विचारायचे, "आलं का ॲसिड?" मी रोज म्हणायची, "मागवलंय सर." रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत शिरताना मला वाटायचं, आज काहीतरी होणार. तुमचा तास सुरू झाला की मी व्हरांड्यातून दोन-तीन चकरा मारायची. आत तुम्ही मूलद्रव्यांची सारणी अशी सांगत असायचे, जणू घरातल्या माणसांची नावं घेताहात. एक अक्षर चुकायचं नाही. वाटायचं, माझाच भ्रम आहे. आणि त्याच दिवशी मधल्या सुटीत तुम्ही मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी उभे दिसायचे, स्टाफरूम कुठे ते न आठवून.

मी तुमच्या घरी आले होते, तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा. वहिनींना विचारलं. त्या आधी काही नाही, काही नाही म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला. "परवा हे गाडी घेऊन गेले अन् गोळीबार चौकात उभे राहिले, घरचा रस्ताच आठवेना. दोन गल्ल्या सोडून आपलं घर. ओळखीच्या माणसानं आणून सोडलं." मी म्हटलं, वहिनी, डॉक्टरकडे नेऊ. त्या म्हणाल्या, "डॉक्टर लिहून देईल अन् शाळा काढून टाकील. सुनंदा, शाळा गेली तर हे मरतील वं. दोन वर्षं राहिली. दोन वर्षं ढकल ना."

मी म्हणाले, "पाहू." तुम्हीच सांगा, 'पाहू' या शब्दाचा अर्थ काय होतो? मला तेव्हाही माहीत नव्हता.

अपघाताच्या आठव्या दिवशी समीक्षाची आई आली. त्या शिवणकाम करतात. भांडायला आल्या असतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी पिशवीतून स्वेटर काढला आणि बाही माझ्यासमोर पसरली. बोटं जातील अशी भोकं पडली होती. म्हणाल्या, "मी शिवून घेईन मॅडम, त्याचं काही नाही. सर देवमाणूस आहेत, माझ्या मोठ्या पोराले त्यायनंच शिकवलं. पण मी रोज ही बाही पाहून राहिली. स्वेटर नसता घातला तर?" एवढं बोलून त्यांनी स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काही मागितलं नाही. तक्रार लिहून दिली नाही. फक्त मी काय करते ते बघत राहिल्या.

त्या गेल्यावर मी पत्र लिहिलं. संस्थेच्या सचिवांना. सरांकडून प्रयोगशाळा आणि वर्ग दोन्ही काढून घ्यावेत, वैद्यकीय तपासणी करावी, तोवर रजेवर पाठवावं. तीन ओळींचं पत्र लिहायला मला पूर्ण दुपार लागली.

सचिव साहेब आपल्याला कोणालाच आवडायचे नाहीत. तुटक बोलणारा माणूस, कधी कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही. मला भीती होती की ते या पत्राचं हत्यार करतील. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय, ते त्यांना सांगायचं का?"

मी गप्प बसले.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "बरं. माझ्या नावावर टाकू. मला तसंही कोण चांगलं म्हणतं!"

तेव्हा मी 'नको' म्हणू शकले असते. दोन अक्षरं. मी 'थँक्यू सर' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्याच खोलीत तुम्हाला बोलावलं. साहेबांनी सरळ सांगितलं, उद्यापासून रजेवर जा, तपासणी करून घ्या, वर्ग बंद. तुम्हाला आधी समजलंच नाही. मग समजलं. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "सुनंदा, तू सांग ना याइले. तू रोज पाहून राहिली माझा तास."

मी टेबलावरच्या कागदांकडे बघत होते. कसले कागद होते ते आठवत नाही. तुम्ही पुन्हा म्हणालात, "सांग ना वं." बाहेर पोरं पाढे म्हणत होती, मी ते ऐकत राहिले. साहेब म्हणाले, "त्यांचा काही संबंध नाही. हा निर्णय माझा आहे." तुम्ही त्यांना खूप बोललात. पोरांसमोर कधी न वापरलेले शब्द वापरलेत. ते ऐकत राहिले.

मी तुमच्या मागे गाड्यांच्या स्टँडपर्यंत पळत आले. गाडीला किल्ली लागत नव्हती तुमच्याकडून. मी ती हातातून घेतली आणि शेंडेंना हाक मारली, सरांना घरी सोडून या म्हणून. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे, पण तुम्ही म्हणालात, "तू घाबरू नको. तुझ्यावर येईल असं मी काही करणार नाही. कोर्टात गेलो तरी तुझं नाव घेणार नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तुम्हाला तेव्हा सगळं समजत होतं. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, थुंकलाही असता कदाचित, आणि मी ते ऐकून घेतलं असतं. पण मला वाटलं, हा एकच माणूस आहे ज्याला मी चांगली वाटते. तो गेला तर माझ्याजवळ काय राहील?

कोर्टात तुम्ही गेला नाहीत. तपासणी झाली, डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं, आधी रजा आणि मग निवृत्ती. मी रविवारी यायची. वहिनी पोहे करायच्या. तुम्ही दर वेळी सांगायचे, "त्या माणसानं काढलं मले. माझ्या शाळेतून मले काढलं." मी पोहे खात मान हलवायची. दर रविवारी ठरवून यायची की आज सांगेन. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की ते पुढच्या रविवारवर ढकलायची. जाताना तुम्ही दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "तू येत जा. बाकी कोणी येत नाही."

तुम्ही एकेक विसरत गेलात. शेंडेंना विसरलात, नातवाचं नाव विसरलात, मला विसरलात. साहेबांचं नाव मात्र राहिलं. शेवटच्या पावसाळ्यात एकदा वहिनी स्वयंपाकघरात असताना मी खुर्ची जवळ ओढून सांगितलं, "सर, पत्र मी लिहिलं होतं. साहेबांनी नाही." तुम्ही माझ्याकडे बघून गोड हसलात आणि विचारलंत, "बस मिळाली का तुम्हाले?"

याला सांगणं म्हणत नाहीत, सर. ऐकणारा उरला नाही याची खात्री करून मी बोलले होते. वानखेडे बाईंच्या वेळी तुम्ही व्हरांड्यात उभे नसता तर तेव्हाही मी असंच केलं असतं.

छातीत कफ साठून तुम्ही गेलात. घाटावर शाळेतली पुष्कळ माणसं आली. साहेबही आले, हातात हार घेऊन. तुमचा अमोल बुटीबोरीहून रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल. साहेब पुढे झाले तसा तो मध्ये उभा राहिला. "तुम्ही नका येऊ पुढे. तुम्ही मारलं माझ्या बापाले." सगळे थांबले. मला वाटलं, आता साहेब बोलतील. कोणीही बोललं असतं. ते दोन पावलं मागे सरले, हार टिनाच्या शेडजवळच्या बाकावर ठेवला आणि तिथेच उन्हात उभे राहिले. एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी अमोलपासून चार हातांवर होते. तिथेही गप्प राहिले.

शोकसभेत खोटं बोलले ते त्यानंतर. तेरवीचं जेवण जेवले तेही त्यानंतर. ताट पूर्ण संपवलं, कारण न जेवता उठले असते तर कोणीतरी विचारलं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. पाहुणे गेले होते. वहिनी सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या, अमोल भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ॲसिड, समीक्षा, बाही, पत्र, साहेबांनी काय विचारलं आणि मी काय बोलले नाही, सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. अमोल हातातली खुर्ची तशीच धरून उभा होता. माझं संपलं तेव्हा त्यानं ती खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला.

वहिनी म्हणाल्या, "मी तुले म्हणलं होतं ना, दोन वर्षं ढकल."

"हो."

"तू पाहू म्हणली होती."

"हो वहिनी."

त्यांनी हातातल्या सतरंजीची घडी पुरी केली. मग विचारलं, "त्या पोरीचा हात?"

"चांगला आहे. बारावीत आहे ती आता."

त्या उठल्या. मला वाटलं, मला निघून जा म्हणतील. त्यांनी खुंटीवरची शाल घेतली आणि म्हणाल्या, "तुझं मी मागून पाहीन. आधी त्या माणसाकडे चाल. माझ्या पोरानं त्याले घाटावरून हाकललं."

अमोल बाहेर पायरीवर बसला होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "ऊठ, ऑटो पाह्य." तो उठला. आम्ही तिघं ऑटोत बसलो. साहेबांचं घर सक्करदऱ्याला. माझा गुडघा वहिनींच्या गुडघ्याला लागत होता. त्यांनी आपला बाजूला घेतला नाही.

साहेबांनी दार उघडलं. एकटेच असतात हे मला माहीत नव्हतं. आम्हाला बघून गोंधळले, खुर्चीवरचे पेपर उचलले, बसा म्हणाले. अमोल बसला नाही. त्यांच्या पायाशी वाकला, तर त्यांनी त्याचे खांदे धरले आणि म्हणाले, "नाही, नाही. बाप गेला होता तुमचा." वहिनींनी हात जोडले. त्यांनाही ते नको नको म्हणत राहिले. मी काही बोलायला गेले, तर माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. तुम्हाला वाटेल मला माफ केलं. मला तसं वाटलं नाही.

मग ते वहिनींच्या समोर बसले. त्यांनी विचारलं, "एक विचारू का? त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, ते घरी आले. जेवले होते का?"

वहिनी म्हणाल्या, "नाही. दोन दिवस नाही जेवले. भिंतीकडे तोंड करून पडून होते."

साहेबांनी ते ऐकून घेतलं. मीही ऐकलं, सर. तीन वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.